कुत्र्याचं भूमिगत कुंपण पुन्हा पुन्हा बंद पडतंय? फावडं सगळ्यात शेवटी उचला

भूमिगत कुंपण म्हणजे अंगणाच्या हद्दीवर जमिनीत पुरलेली वायर आणि तिच्याजवळ गेल्यावर आधी इशारा, मग झटका देणारा कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा. ते बंद पडलं की सगळ्यांत आधी कुत्र्याला कळतं. हद्दीजवळ गेल्यावर पट्ट्याची ओळखीची पीं-पीं येत नाही, तो दोन पावलं पुढे टाकून बघतो, काहीच होत नाही, आणि मग तो रस्त्यावर असतो. म्हणून तपासणीला हात घालण्याआधी पहिलं काम हे करा: कुंपण पूर्ण दुरुस्त होऊन पडताळून होईपर्यंत कुत्र्याला साखळीशिवाय बाहेर सोडू नका. एकदा हद्द ओलांडून काही झालं नाही हे लक्षात आलेला कुत्रा पुढचे कित्येक दिवस तीच जागा पुन्हा तपासत राहतो.

माझं स्वतःचं आणि ओळखीच्यांचं मिळून हे कुंपण मी इतक्या वेळा दुरुस्त केलंय, की घरी गेल्यावर काय दिसणार हे आता साधारण आधीच माहीत असतं. अंगणात चार-पाच ठिकाणी खणलेलं असतं, वायरला दोन नवे जोड पडलेले असतात, आणि मूळ बिघाड जागच्या जागी असतो. बिघाड शोधण्यासाठी खणायचं नसतं. तो कुठे आहे हे आधी वर बसून ठरवायचं आणि मग एकाच जागी खणायचं.

आधी लक्षणं नीट बघा

सगळ्या लक्षणांना "कुंपण चालत नाही" म्हणून मोकळं होऊ नका. प्रत्येक लक्षण वेगळ्या जागेकडे बोट दाखवतं.

ट्रान्समीटरवर, म्हणजे वायरीत सिग्नल सोडणाऱ्या घरातल्या डब्यावर, एकही दिवा नाही: वीजपुरवठा, अॅडाप्टर किंवा खुद्द ट्रान्समीटर.

विजेचा दिवा लागलाय, पण लूपचा (अंगणाला वेढा घालून परत येणाऱ्या वायरीचा) दिवा विझलाय आणि डबा सतत ओरडतोय: वायर कुठेतरी तुटली आहे किंवा टर्मिनलमधून सुटली आहे.

दोन्ही दिवे व्यवस्थित, आवाज नाही, पण पट्टा हद्दीवर गप्प: पट्ट्याची बॅटरी, रुंदीचं बटण (वायरीपासून किती अंतरावर पट्टा वाजावा हे ठरवणारं), किंवा घरापासून हद्दीपर्यंतच्या पीळ दिलेल्या वायरीत झालेलं शॉर्ट. या शेवटच्या शक्यतेचा विचार फार थोडे जण करतात. तिच्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो.

एका बाजूला चालतं, दुसऱ्या बाजूला नाही: इथे वायर तुटलेली नसते. संपूर्ण हद्द ही एकच सलग वायर आहे, तिच्यातून जाणारा प्रवाह सगळीकडे सारखाच असतो. ती तुटली तर सगळंच बंद पडतं. एकच बाजू मुकी असेल तर तिथे वायर खोल गेलेली असते, तिच्यावर माती चढलेली असते, किंवा दोन वायरी एकमेकींच्या फार जवळ आलेल्या असतात.

पाऊस पडला की बिघडतं, ऊन पडलं की सुधारतं, किंवा बरोबर उलटं: जोडात पाणी शिरलंय.

घरात किंवा अंगणाच्या मधोमध पट्टा वाजतो: कुंपणाचा सिग्नल दुसऱ्या कुठल्यातरी केबलवर चढलाय.

पट्टा वाजतो, तरी कुत्रा बिनधास्त ओलांडतो: पट्टा सैल आहे, केस दाट आहेत, किंवा शिकवण अपुरी आहे. इथे वायरीला हात लावायची गरजच नाही.

हे कुंपण चालतं कसं

एवढं समजलं की पुढच्या तपासण्या पाठ कराव्या लागत नाहीत. घरातला ट्रान्समीटर वायरीत अगदी थोड्या शक्तीचा, पण सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडतो. बऱ्याच संचांत तो ७ ते १० किलोहर्ट्झच्या आसपास असतो. वायर एका टर्मिनलमधून निघते, अंगणाला वेढा घालते आणि दुसऱ्या टर्मिनलला परत येते. या वेढ्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पट्ट्यातल्या छोट्या कॉइलला ते जाणवतं. ठरावीक तीव्रतेला पट्टा आधी आवाजाने किंवा थरथरीने इशारा देतो, आणि कुत्रा आणखी जवळ गेला तर मानेला टेकलेल्या दोन धातूच्या टोकांमधून झटका देतो. झटका पट्ट्यातल्या बॅटरीतून येतो, जमिनीतल्या वायरीतून नाही. ती वायर म्हणजे फक्त अँटेना आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. वायरीपासून अंतर दुप्पट झालं की क्षेत्र साधारण निम्मं होतं, त्यामुळे वीतभर खोलीचासुद्धा फरक पडतो. आणि दोन वायरींमधून उलट दिशांनी प्रवाह जात असेल आणि त्या एकमेकींना चिकटून असतील, तर त्यांची क्षेत्रं एकमेकांना मारतात. घरापासून हद्दीपर्यंतच्या वायरींना पीळ देतात तो याचसाठी, म्हणजे त्या वाटेवर कुत्र्याला मोकळेपणी फिरता येतं. पण हाच नियम चुकीच्या जागी लागू झाला की कुंपणाला भोक पडतं.

पहिली तपासणी: प्लग, बटणं, टर्मिनल

फुकट आणि दोन मिनिटांची. ज्या सॉकेटला अॅडाप्टर लावलाय त्यात दुसरं काहीतरी लावून बघा. बाहेरच्या किंवा गॅरेजमधल्या सॉकेटला बऱ्याचदा गळती झाली की वीज तोडणारा स्विच असतो. तो पावसाळ्यात पडतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मग टर्मिनलमधल्या वायरी एकेक करून हलकेच ओढा. हातात आली तर बिघाड सापडला. वायरीचं टोक काळं किंवा हिरवं पडलं असेल तर तेवढं कापा, सेंटिमीटरभर आवरण सोलून नवं चकचकीत तांबं आत घाला आणि स्क्रू आवळा.

हद्दीच्या रुंदीचं बटणही बघा. साफसफाई करताना कुणाचा तरी हात लागून ते शून्याकडे गेलेलं मी स्वतः पाहिलंय. वायर ठणठणीत, पट्टा ठणठणीत, आणि घरातली सगळी माणसं आठवडाभर अंगण धुंडाळत होती. काही डब्यांवर लहान आणि मोठ्या अंगणासाठी वेगळा स्विचही असतो. तो चुकीच्या जागी असला तर क्षेत्र एकतर अंगणभर पसरतं किंवा वायरीपुरतंच उरतं.

दुसरी तपासणी: पट्टा

नवी बॅटरी घाला. "महिन्यापूर्वीच बदलली" हे उत्तर इथे चालत नाही. बॅटरी किती टिकते हे कुत्रा दिवसातून किती वेळा हद्दीजवळ जातो यावर ठरतं, आणि हद्दीवर रेंगाळणारा कुत्रा ती फार लवकर संपवतो. बॅटरीची जागा कोरड्या कापडाने पुसा, झाकणाचं रबर फाटलं नाही ना ते बघा, कारण तिथून पाणी शिरलं की पट्टा आतून गंजतो. पट्टा बदलून आणला असेल तर तो त्याच ट्रान्समीटरच्या जोडीचा आहे ना याची खात्री करा. वारंवारिता वेगळी असेल तर दोन्ही वस्तू चांगल्या असूनही एकमेकींना ओळखत नाहीत.

आता पट्टा हातात घेऊन हद्दीकडे चालत जा. संचाबरोबर आलेला छोटा टेस्टरचा दिवा दोन टोकांना जोडा, बोटं टोकांपासून दूर ठेवा. पट्टा कुत्र्याच्या मानेच्या उंचीवर धरा. ही उंची महत्त्वाची आहे. जमिनीला टेकवून धरला तर कमकुवत कुंपणसुद्धा उत्तम चालल्यासारखं भासतं, आणि छातीशी धरला तर चांगलं कुंपणही बंद वाटतं. पट्टा थोडा फिरवूनही बघा, कारण कॉइलची दिशा बदलली की काही पट्ट्यांची पकड बदलते. इशारा कुठे सुरू झाला, दिवा कुठे लागला, ते लक्षात ठेवा. हद्दीच्या चारही बाजूंना हेच करा.

पट्टा वाजतोय आणि दिवाही लागतोय, पण कुत्रा थांबत नाही? मग पट्टा मानेवर कसा बसलाय ते बघा. टोकं कातडीला टेकली पाहिजेत, नुसती केसांना नाही. टोक आणि मान यांच्यामध्ये एक बोट जेमतेम सरकावं इतकाच घट्टपणा हवा. दाट केसांच्या कुत्र्यासाठी लांब टोकं मिळतात. मात्र घट्ट पट्टा चोवीस तास ठेवू नका. दिवसातून बारा तासांपेक्षा जास्त नको, मधूनमधून थोडा सरकवा, आणि रोज संध्याकाळी काढून मान बघा. एकाच जागी सतत दाब राहिल्याने कातडीवर खोल जखमा होतात. लोक त्याला विजेचा चटका समजतात, प्रत्यक्षात तो बहुधा दाबाचा व्रण असतो. जखम दिसली तर पट्टा त्याच क्षणी बंद आणि पशुवैद्याकडे जायचं. यात घरगुती मलम नको.

तिसरी तपासणी: छोट्या लूपची परीक्षा

पूर्ण दुरुस्तीतली मला सगळ्यांत प्रिय तपासणी हीच. तीन-चार मीटर साधी वायर घ्या. ट्रान्समीटरचा प्लग काढा, अंगणातून आलेल्या दोन्ही वायरी सोडवा, आणि त्यांच्या जागी या छोट्या वायरीची दोन टोकं लावा. वायर जमिनीवर गोल पसरा, रुंदी अगदी कमी ठेवा, प्लग लावा.

लूपचा दिवा लागला, ओरडणं थांबलं आणि पट्टा या छोट्या वेढ्याजवळ वाजला, तर ट्रान्समीटर निर्दोष आहे आणि पट्टाही. बिघाड अंगणात आहे. दिवा लागलाच नाही तर बिघाड घरात आहे आणि अंगणातलं एक गवताचं पातंही हलवायची गरज नाही. मल्टिमीटर असेल तर अॅडाप्टरच्या टोकाला त्यावर छापलेले व्होल्ट येताहेत का बघा. अॅडाप्टर एसी आहे की डीसी हे लेबलवर वाचून मगच मीटरचं बटण फिरवा. अॅडाप्टर चांगला आणि छोट्या लूपवरही दिवा नाही, तर ट्रान्समीटर गेला. वादळी रात्रीनंतर असं झालं असेल तर नवल नाही. शेकडो मीटरचा वेढा म्हणजे जवळपास पडलेल्या विजेसाठी मोठा सापळाच असतो. वायरीत दाब उसळतो आणि सरळ डब्यात येतो. म्हणून विजेपासून संरक्षण देणारं उपकरण प्लग आणि लूप दोन्हींवर हवं, आणि वादळाआधी प्लगबरोबर लूपच्या वायरीही सोडवून ठेवाव्यात. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र त्या वायरींना हात लावायला जाऊ नका.

ही परीक्षा न करता खणायला घेतलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि एका घरी तर निम्मी हद्द उकरून झाल्यावर बिघाड अॅडाप्टरमध्ये निघाला.

चौथी तपासणी: डोळ्यांनी एक फेरी

बिघाड अंगणात आहे हे ठरलं. आता हात मागे बांधून हद्दीवर एक चक्कर मारा. गेल्या काही दिवसांत काय बदललं? नवं झाड लावलं, खांब रोवला, गवताच्या कडा मशीनने कापल्या, माती भुसभुशीत करायला यंत्र फिरवलं, घुशी-उंदरांनी बिळं केली? ही वायर बहुतेक ठिकाणी जमिनीखाली अडीच ते साडेसात सेंटिमीटरवरच असते. कडा कापणाऱ्या पात्याला तेवढं पुरे. वाहनांच्या वाटेवर काँक्रीटच्या दोन भागांमधल्या फटीत वायर बसवलेली असेल तर तिथलं भरण निघालंय का, खडी वायरीवर घासतेय का, ते बघा. वायर जिथे भिंतीतून किंवा खिडकीच्या चौकटीतून आत येते तिथे ती दबून तुटते, आणि ही जागा सगळेच विसरतात. मोठ्या झाडाची मुळंही वर्षानुवर्षं वायर ताणत नेतात.

खणण्याच्या खुणा आणि जुने जोड यांची यादी करा. दहापैकी बहुतेक वेळा बिघाड या यादीतच सापडतो.

पाचवी तपासणी: मल्टिमीटर

साधा मल्टिमीटर पुरे. ट्रान्समीटरपासून दोन्ही वायरी सोडवा, मीटर ओहमवर ठेवा, आधी त्याची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून येणारा आकडा लिहून घ्या (तो नंतर वजा करायचा), आणि मग वेढ्याच्या दोन टोकांमधला रोध मोजा.

किती यायला हवा? तांब्याच्या २० गेज वायरीला, म्हणजे साधारण ०.८ मिलिमीटर जाडीच्या, दर १०० मीटरला सुमारे ३.३ ओहम. १८ गेजला सुमारे २.१, १६ गेजला सुमारे १.३ आणि १४ गेजला सुमारे ०.८ ओहम. तुमची वायर २० गेजची आणि पिळासकट एकूण ४०० मीटर असेल तर १३ ओहमच्या आसपास आकडा हवा.

आता आकडा वाचू. १३च्या जवळ: वायर सलग आहे. ४०, ८० किंवा बोटाने मीटर धरल्यासारखा सतत हलणारा आकडा: एखादा जोड गंजलाय, वायर अजून तुटलेली नाही पण तुटायच्या बेतात आहे. अनंत: तुटली. काही हजार ओहम: हीसुद्धा तुटलेलीच, फक्त दोन्ही टोकं ओल्या मातीत आहेत आणि माती थोडासा प्रवाह नेते आहे. "पाऊस पडला की आपोआप बरं होतं" या कोड्याचं एक उत्तर इथे आहे. माती वाळली की तोही आधार जातो.

आणि आकडा फारच कमी आला तर? १३ हवे होते आणि २ आले? मग पीळ दिलेल्या भागात दोन वायरींची आवरणं घासून तांब्याला तांबं लागलंय. वेढा हद्दीपर्यंत जाण्याआधीच पूर्ण होतो. डब्याला वाटतं सगळं ठीक आहे, लूपचा दिवा हिरवागार, आणि अंगणात सिग्नलचा टिपूसही नाही. वरचं गणित तिथेही मदत करतं: २ ओहम म्हणजे २० गेजची साधारण ६० मीटर वायर, जाणारी ३० आणि येणारी ३०, म्हणजे शॉर्ट ट्रान्समीटरपासून पिळाच्या वाटेवर ३० मीटरच्या आसपास आहे. खणायच्या आधीच जागा कळली. दिवा लागलाय आणि तरी सगळं अंगण मुकं आहे अशा वेळी मी आता सरळ हीच मोजणी करतो.

सहावी तपासणी: पीळ की वेढा

वायर तुटली आहे हे मीटरने सांगितलं. आता तिचे दोन तुकडे पाडा, म्हणजे मनात. घरापासून हद्दीपर्यंतचा पीळ आणि हद्दीचा वेढा जिथे एकत्र येतात तो जोड बहुधा माहीत असतो. तो उघडा. तिथे पिळाच्या दोन वायरी एकमेकींना जोडा आणि घरात मोजा. आकडा आला तर पीळ चांगला, नाही आला तर पिळातच बिघाड. खराब पीळ दुरुस्त करत बसू नका. तो नव्या वायरीचा नवा टाकणं सोपं पडतं. साधारण दर अडीच-तीन सेंटिमीटरला एक वळसा येईल इतका घट्ट पीळ हवा. सैल पिळातून सिग्नल गळतो आणि कुत्रा घराच्या दारातच दचकतो.

सातवी तपासणी: तुटलेली जागा गाठणं

आता कष्टाचा भाग. यादीतल्या खुणांवर काही सापडलं नसेल तर तीन मार्ग आहेत.

पहिला, अर्धं-अर्धं करत जाणं. एक लांब तात्पुरती वायर जमिनीवरून पसरा. हद्दीच्या साधारण मध्यावरचा जुना जोड उघडा आणि तिथून ही वायर ट्रान्समीटरपर्यंत न्या. एका अर्ध्या भागाचा लूप पूर्ण करून बघा, मग दुसऱ्याचा. ज्या अर्ध्यात दिवा लागत नाही त्याचे पुन्हा दोन भाग. ४०० मीटरचे २००, १००, ५० असे तीन टप्प्यांतच जागा बरीच आटोक्यात येते. दोन्ही अर्ध्या भागांत दिवा लागला नाही तर वायर दोन ठिकाणी तुटली आहे, घाबरू नका, पद्धत तीच. मात्र शक्यतो जुन्या जोडांवरच हे करा. चांगली वायर मधेच कापली की एक नवा जोड तयार होतो, आणि पुढच्या पावसाळ्यातला बिघाड नेमका तिथून येतो.

दुसरा मार्ग एएम रेडिओचा. काही ट्रान्समीटरच्या माहितीपत्रकात तो दिलेला असतो. दोन टर्मिनलच्या मध्ये वायरींबरोबरच एक छोटा चोक (एक प्रकारची कॉइल) लावतात, म्हणजे वायर तुटलेली असूनही डबा सिग्नल सोडत राहतो. रुंदी पूर्ण वाढवायची, खिशातला रेडिओ ६०० किलोहर्ट्झच्या आसपास, जिथे स्टेशन नाही तिथे लावायचा आणि वायरीवरून चालत जायचं. टक-टक आवाज येत राहतो आणि तुटलेल्या जागेजवळ तो विरतो. शांत जागी हे सुंदर चालतं. आजूबाजूला विजेचा गोंगाट असेल तर काहीच ऐकू येत नाही.

तिसरा मार्ग, वायर शोधणारं यंत्र. एका दिवसासाठी उसनं किंवा भाड्याने मिळालं तर घ्या. एका बिघाडासाठी विकत घ्यायची घाई नको.

जोड कसा द्यावा

कुंपण वारंवार बंद पडण्याचं मूळ मला बहुतेक वेळा जुन्या दुरुस्तीतच सापडलंय. दोन वायरी पिळल्या, वरून काळी चिकटपट्टी गुंडाळली, माती लोटली. चिकटपट्टी ओलावा थांबवत नाही, उलट धरून ठेवते. तांबं हिरवं पडतं, रोध वाढतो, आणि वर्षभरात तोच जोड परत उघडावा लागतो.

तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना काळवंडलेलं तांबं संपेपर्यंत वायर कापा. वायर ताणून जोडू नका, मध्ये त्याच गेजचा फूटभर नवा तुकडा घाला. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर सोला, घट्ट पिळा, वायर नट (पिळलेल्या टोकांवर फिरवून बसवायची टोपी) चढवा आणि ओढून बघा. सुटला तर परत. मग तो जेल भरलेल्या जलरोधक डबीत पूर्ण बुडवा. जोडापासून वीतभर अलीकडे दोन्ही वायरींची एक साधी गाठ मारा, म्हणजे ओढ बसली तर ती गाठीवर बसते, जोडावर नाही. माती लोटण्याआधी मीटर लावा. मग घराच्या दोन कोपऱ्यांपासून या जोडाचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा आणि फोटो काढा. पुढच्या वेळी सहाव्या आणि सातव्या तपासणीला हेच कागद कामी येतात.

तुटलेलं नाही, तरी चुकतंय

एक बाजू मुकी असेल तर वायरीची मांडणी बघा. वेढ्याच्या दोन समांतर बाजू दीड-दोन मीटरच्या आत आल्या असतील तर त्या एकमेकींना कमकुवत करतात. त्यांना दूर करा. काटकोनी कोपऱ्यावर क्षेत्र ओबडधोबड होतं, म्हणून कोपरा गोलाईने वळवा. वाफ्यात दरवर्षी माती आणि पालापाचोळा टाकत राहिलात तर वायर नकळत वीतभर खाली जाते. साठलेला बर्फही तेच करतो, कारण कुत्रा वायरीपासून तितका उंच चालतो.

घरात पट्टा वाजत असेल तर हद्दीची वायर विजेच्या, फोनच्या किंवा टीव्हीच्या केबलला समांतर धावतेय का ते शोधा. कुंपणाचा सिग्नल त्या केबलवर चढतो आणि तिच्याबरोबर भिंतींतून फिरतो. समांतर असेल तर तीन मीटर अंतर ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. याकडे दुर्लक्ष करू नका. विनाकारण, न कळणाऱ्या जागी झटका बसलेला कुत्रा घराच्या त्या कोपऱ्यालाच घाबरायला लागतो.

इथे थांबा, माणूस बोलवा

खणताना तुमच्या वायरीपेक्षा जाड केबल, रंगीत पाइप किंवा इशाऱ्याची फीत दिसली, तर तिथेच थांबा. वीज किंवा गॅसची लाइन कुठून जाते याच्या खुणा संबंधित खात्याकडून करून घेतल्याशिवाय पुढे खणू नका.

ट्रान्समीटर उघडू नका. तो गरम होतोय, जळका वास येतोय, किंवा सॉकेटमध्ये ठिणगी दिसली, तर मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. गुरांच्या कुंपणाचं विजेचं यंत्र किंवा घरातली वीज या वायरीला कधीही, परीक्षेपुरतीसुद्धा, जोडू नका. ही वायर त्यासाठी बनलेलीच नाही, आणि माणूस मरू शकतो.

वायर काँक्रीटखाली तुटली असेल, किंवा वर्षभरात तिसऱ्यांदा वेगवेगळ्या जागी तुटली असेल, तर दुरुस्ती थांबवून कुंपण बसवणाऱ्याला दाखवा. जागोजागी आवरण ठिसूळ होऊन तडकत असेल तर वायर बदलण्याला पर्याय नाही. नवी घेताना थेट जमिनीत पुरण्यासाठी बनवलेली, पॉलिथिलिनच्या जाड आवरणाची आणि शक्य तर १६ किंवा १४ गेजची मागा.

आणि कुत्रा हद्दीजवळ थरथरत असेल, बाहेर जायलाच नकार देत असेल, किंवा झटका सोसून पळत असेल, तर झटक्याची पातळी वाढवत जाऊ नका. तिथे प्रशिक्षक हवा, किंवा उघड दिसणारं जाळीचं कुंपण. अशा पट्ट्यांना सगळीकडे परवानगीही नाही. वेल्समध्ये २०१० पासून त्यांच्यावर बंदी आहे आणि त्यात कुंपणाचा पट्टाही येतो. आपल्या भागातला नियम आधी बघून घ्या.

दुरुस्तीनंतर

पट्टा हातात घेऊन पूर्ण फेरी पुन्हा मारा, मानेच्या उंचीवर, चारही बाजू आणि सगळे कोपरे. मग कुत्र्याला हद्द दिसावी म्हणून शिकवताना लावतात त्या छोट्या झेंड्या हद्दीवर पुन्हा लावा. कुत्र्याला लांब दोरीवर घेऊन दिवसातून दोन-तीनदा दहा-दहा मिनिटं हद्दीजवळून फिरवा, इशाऱ्याचा आवाज आला की मागे वळवा आणि लगेच खाऊ द्या. किमान आठवडाभर तरी. तो आवाजावरच आपणहून वळायला लागला की दोरी सोडा, पण पहिले काही दिवस तुम्ही अंगणातच थांबा, झेंड्या मात्र त्यानंतरच एकेक करून काढा.